चौऱ्याहत्तर बूट फिरायला जातात

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

ती. थोराताईस,

धाकट्या अल्विनचा नमस्कार. वाकून केला असं समज. (खरंच वाकलो असतो, पण परवा दारातला बर्फ उपसला तेव्हापासून एकदा वाकलो की सरळ व्हायला लेकीला, कारीला, हाक मारावी लागते, आणि ती आत्ता कामावर आहे.) तुझा गुडघा कसा आहे? तिकडे अॅरिझोनात रोज पोहायला जातेस, की नुसती काठावर बसून पोहणाऱ्या बायकांना सल्ले देतेस? तुझ्या दारातल्या लिंबाच्या झाडाचा फोटो पोचला. लिंबं झकास आहेत. पण भर हिवाळ्यात असले फोटो आम्हाला पाठवू नयेत, हे तुला या वयात मी सांगायला हवं का? इकडे सगळं ठीक. सरोवर काठापासून पार दूरवर गोठलंय. सोमवारी पारा शून्याखाली बावीस होता, तेव्हा शेजारचा लेरॉय कुंपणापाशी येऊन म्हणाला, "आज जरा हवा आहे." मी म्हटलं, "आहे खरी." मग आम्ही दोघे आपापल्या घरात गेलो. थोडक्यात, गप्पाटप्पाही व्यवस्थित चालू आहेत.

नाताळात फोनवर तू विचारलं होतंस की आपली नात ब्रिटा बालवाडीत रमली का. तेव्हा मी 'हो' म्हणून फोन कारीकडे दिला, कारण हॉटडिश भट्टीत होतं आणि त्याच्यावरचे बटाटे करपायला आले होते. आता सविस्तर लिहितो. वेळ भरपूर आहे, आणि या विषयावर माझ्याइतका अधिकार असलेला माणूस या काऊंटीत दुसरा नाही.

तुला माहीतच आहे, ही बालवाडी चर्चच्या तळघरात भरते आणि पालकच ती चालवतात. बाई एकच, लव्हॉनबाई. बाकी कामाला घरटी एक माणूस, पाळीपाळीने. खाऊ आणायचा, ब्रश धुवायचे, नाकं पुसायची, दार सांभाळायचं. कारीची हॉस्पिटलात ड्युटी, जावईबापू डेरेक गोदीवर, म्हणजे आमच्या घराची पाळी कुणाच्या गळ्यात पडणार ते सांगायला नको. मला आनंदच झाला. एक्केचाळीस वर्षं पाट्या रंगवलेला माणूस मी. चार वर्षांच्या सोळा मुलांना रंगाचं काही सांगायचं तर माझ्याशिवाय कोण सांगणार, अशा ताठ मानेने मी पहिल्या दिवशी पायऱ्या उतरलो. (पायऱ्यांवर बर्फ होता, त्यामुळे शेवटच्या तीन बसूनच उतरलो.)

लव्हॉनबाईंनी माझ्या हातात नियमांचा कागद ठेवला. मुलाच्या चित्राला हात लावायचा नाही. 'छान' म्हणायचं नाही, कारण मग मूल 'छान'साठी काढायला लागतं. आणि 'हे काय आहे?' असं तर चुकूनही विचारायचं नाही. विचारायचं असं, "मला याबद्दल सांग ना." मग मूल जे सांगेल ते चित्राखाली शब्दन्‌शब्द लिहून ठेवायचं. ताई, हा नियम मला मनापासून पटला. एक्केचाळीस वर्षं गिऱ्हाइकं माझ्या पाटीसमोर उभी राहून हेच विचारत आली, 'हे काय आहे?' त्या गळ-आमिषवाल्याच्या दुकानाची पाटी आठवते? मी मासा हसरा काढला होता. तो म्हणाला, "अल्विन, मासा हसतोय कशाला, मी त्याला मारायचं सामान विकतो." तीन वेळा तोंड पुसून पुन्हा काढलं. एकदा तरी म्हणाला असता, 'मला या माशाबद्दल सांग ना', तर मी सांगितलं असतं.

तर नियम उत्तम. पण जानेवारीत पेंग्विन आले. काळा कागद, पांढरं पोट, केशरी चोच, सगळं बाईंनी आधीच कापून पाकिटात भरून ठेवलेलं. मुलांनी फक्त चिकटवायचं. पंधरा पेंग्विन असे झाले की त्यांच्या आयांनाही आपला कुठला ते मागचं नाव वाचून कळावं. सोळावा ब्रिटाचा. तिने पेंग्विनला दोन चाकं लावली. मी नियमाप्रमाणे म्हटलं, "मला याबद्दल सांग ना." ती म्हणाली, "तो चालताना पडतो, आजोबा. तुमच्यासारखा." मी शब्दन्‌शब्द खाली लिहिलं. लव्हॉनबाई आल्या, मान तिरपी करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हं. वेगळंच आहे."

आपल्याकडे 'वेगळंच आहे' म्हणजे काय ते मी तुला सांगायला नको. चर्चच्या जेवणात कुणी कोशिंबिरीत मिरची घातली की आई हेच म्हणायची, आणि त्या बाईला पुन्हा कोशिंबीर सांगितली जात नसे. पंधरा पेंग्विन खिडकीत लागले. सोळावा कोट टांगायच्या खुंट्यांमागे, जिथे आग विझवायचं नळकांडं आहे तिथे. बाई वाईट नाहीत, हं. एकवीस वर्षं त्या ही बालवाडी ओढताहेत, आणि मुलं त्यांच्या मांडीवर झोपतात. पण मुलाने वेगळा विचार करावा असं त्यांना फार वाटतं आणि तो खाऊच्या वेळेआधी संपावा असंही वाटतं.

घरात तरी काय वेगळं आहे? कारीच्या मते मूल कल्पक होतं ते शिकवणी लावल्याने. सोमवारी व्हायोलिन, बुधवारी माती, शुक्रवारी स्पॅनिश. जावईबापूंच्या मते ते होतं काहीच न दिल्याने. म्हणून त्यांनी लाकडाच्या बाहुल्या आणल्या आहेत, ज्यांना तोंडच नाही. मूल आपल्या मनाने तोंड कल्पील म्हणे. ब्रिटाने पहिल्याच संध्याकाळी माझ्याकडून पेन्सिल घेऊन सगळ्यांना मिशा काढल्या, तर डेरेक दोन दिवस हिरमुसले होते.

आता मुद्द्याकडे येतो. विद्यापीठाने बालवाड्यांमध्ये पाहणी काढली आहे. मुलांची सर्जनशीलता आईबाप कशी ओळखतात आणि शिक्षक कशी ओळखतात, एवढाच विषय. पालकांना पांढरा फॉर्म, बाईंना पिवळा. त्यासाठी तिथली एक बाई, तरुण, चष्मा, पातळ मोजे (पातळ मोजे, ताई, जानेवारीत!), सत्तावीस तारखेला शनिवारी दुपारी येणार होती. म्हणून सगळ्या घरांनी सूप घेऊन जमायचं ठरलं. आजोबांना कुठलाच फॉर्म नव्हता. मी एक पांढरा उचलला आणि भरलाही. 'मूल सर्जनशील आहे हे आपण कशावरून ओळखता?' याला मी उत्तर लिहिलं, 'घर शांत झालं की.'

त्या दिवशी दाराची पाळी माझी होती. मी आणि ब्रिटा सोडून सदतीस माणसं आली, पोरं धरून. रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी बूट मागच्या दारापाशी रबरी चटईवर काढले आणि मोज्यांवर आत गेले. सूप झालं, मोठी माणसं सभागृहात बसली, मुलांना शेजारच्या खोलीत दोन मोठ्या मुलींच्या ताब्यात दिलं, आणि पातळ मोजेवाली बोलायला उभी राहिली. मुलांना मोकळीक द्यायला हवी, असं ती पाऊण तास सांगत होती. सगळ्या माना हलत होत्या. मी दारापाशी होतो. मध्ये मात्र कॉफीचं भांडं गुरगुरायला लागलं म्हणून मला स्वयंपाकघरात जावं लागलं. ते भांडं किती नाठाळ आहे ते सगळ्या मंडळींना ठाऊक आहे. मी तिथे अडकून पडलो.

भाषण संपलं. पास्टरांना एका आजाऱ्याकडे जायचं होतं, म्हणून ते आधी उठले आणि मागच्या दारापाशी आले. चटई रिकामी. दार उघडून पाहतात तो बूट बाहेर निघाले होते. एक ओळ, दाराच्या पायरीपासून खाली अंगणातून पार सरोवराच्या काठापर्यंत. डावा पुढे, उजवा मागे, खरोखर चालल्यासारखे. सगळ्यांत पुढे मुलांचे बूट, मग आयांचे, मग बापांचे, आणि सगळ्यांत शेवटी पास्टरांचे स्वतःचे, कारण ते सावकाश चालतात. चौऱ्याहत्तर बूट, आणि त्यांच्या मधोमध ब्रिटा, थंडीचा पूर्ण पोशाख घालून, एकटी.

पाऊण तास त्या थंडीत राहिलेला बूट म्हणजे काय, ते तू अॅरिझोनात विसरली असशील. लाकूड होतं त्याचं. सदतीस माणसं दाराशी मोज्यांवर उभी, कुणी एका पायावर, कुणी दुसऱ्यावर, आणि बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. पास्टर अखेर स्वयंपाकघरातले भट्टीचे जाड हातमोजे पायांत चढवून गाडीपर्यंत गेले. नशिबाने माझे बूट माझ्या पायांत होते. मग काय, मीच खेपा घालून चौऱ्याहत्तरच्या चौऱ्याहत्तर बूट आत आणले आणि शेकायला भट्टीपुढे मांडले. सगळ्यांनी माझे हात धरून आभार मानले. सोमवारी चॉकलेटच्या बर्फ्यांचं एक ताट घरी आलं, वर चिठ्ठी, 'आमच्या तारणहारास'. चांगल्या होत्या बर्फ्या.

आणि ब्रिटा? ती आत आल्यावर लव्हॉनबाईंनी तिच्यासमोर उकिडवं बसून विचारलं. "हे काय आहे?" असंच विचारलं, ताई. स्वतःचाच नियम, नको तेव्हा विसरल्या. पुढे म्हणाल्या, "हे कुणी केलं?" ब्रिटाने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी." एवढंच. रडली नाही, सबब सांगितली नाही.

आता गंमत बघ. विद्यापीठवाली आपल्या वहीत लिहीत होती. तिने लिहिलं 'चिकाटी' आणि खाली दोन रेघा मारल्या. (मी मागून वाचलं. पाट्या रंगवणाऱ्याला उलटंसुलटं सगळं वाचता येतं.) कारी घाईघाईने आपला पांढरा फॉर्म परत मागत होती, कारण तिने त्यात 'भरपूर कल्पनाशक्ती' असं लिहिलं होतं आणि तिला ते आता पुराव्यासारखं वाटू लागलं होतं. डेरेकनी लिहिलं होतं, 'नियमांच्या पलीकडे विचार करते.' त्यांनी तर फॉर्म खिशातच घातला. बाईंच्या पिवळ्या फॉर्मात काय होतं ते मला नंतर कळलं. 'वस्तू जागेवर ठेवते.' सदतीस माणसांत एकाच्याही डोक्यात हा हिशेब आला नाही की चार वर्षांच्या पोरीने चौऱ्याहत्तर बूट पाऊण तासात सरोवरापर्यंत नेले कसे. सर्जनशीलतेवर भाषण ऐकलेली माणसं ही.

माझं स्पष्ट मत सांगतो, आणि ते मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. या लोकांना कल्पकता हवी आहे ती खिडकीत लावता येईल एवढी. सपाट, चिकटवलेली, मागे नाव लिहिलेली. ती उठून चालायला लागली की यांचे पाय गारठतात. आईबाप म्हणतात ती वर्गात शिकवा, बाई म्हणतात ती घरून येऊ द्या, आणि पोरगी मधल्या दाराशी उभी. हे मी सभेतही म्हणणार होतो, पण तेव्हा मी बूट मांडत होतो.

तेव्हापासून ब्रिटा फार शहाणी झाली आहे. हे सगळे म्हणतात. चाकवाला पेंग्विन तिने स्वतःच काढून टाकला आणि दुसरा केला, पाकिटातला, अगदी नमुन्याबरहुकूम. तो आता खिडकीत मधोमध आहे. कारी म्हणते, पोर एका आठवड्यात मोठी झाली. बाई म्हणतात, तिचं मन आता एकाग्र होऊ लागलंय. परवा मी तिला कागद दिला तर ती मला विचारते, "आजोबा, काय काढू?" ताई, या पोरीने जन्मात मला 'काय काढू' असं विचारलं नव्हतं. मी म्हटलं, काहीही काढ. तर म्हणाली, "नको. बरोबर काय ते सांगा." आणि रेघ ओढून माझ्याकडे बघते. "असंच ना?" पुन्हा एक रेघ. "असंच ना?" मला ते ऐकवत नाही. मी उठून उगीचच भांडी घासली.

येत्या वीस तारखेला, मंगळवारी संध्याकाळी सात वाजता पालकांच्या समितीची बैठक आहे. ब्रिटाला उरलेलं वर्ष घरी ठेवावं आणि पुढच्या वर्षी 'तयार झाली की' आणावं, असा ठराव येणार आहे. अगदी सभ्यपणे येणार आहे, कॉफी आणि केकबरोबर. कारी त्याला विरोध करणार नाही म्हणते, लोकांचे बूट खराब झाले तर कुठल्या तोंडाने बोलायचं. मी मात्र जाऊन सगळ्यांना चार शब्द ऐकवणार आहे. माझी तयारी झाली आहे. वरचं मत मी मोठ्या अक्षरांत लिहूनही काढलंय.

गुडघ्याला शेक देत जा. लिंबं शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटू नकोस, लोणचं घाल.

तुझा धाकटा,
अल्विन

ता. क. कॉफीचं भांडं त्या दिवशी बिघडलं नव्हतं. ते नवीन आहे.

ता. क. २. तू विचारणारच, म्हणून सांगून टाकतो. मी दारापाशी खुर्चीवर बसलो होतो. ब्रिटा खोलीतून सटकून आली, चटईपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, सगळे आत बसले की बूट काय करतात?" मी म्हटलं, वाट बघतात. म्हणाली, "कंटाळत असतील." आणि ताई, 'चल, त्यांना फिरायला नेऊ' हे मी म्हणालो. ती नाही. मी. तिला पोशाख चढवला, पायरीवर उभं केलं, आणि ती हात करून सांगेल तिथे एकेक बूट मांडत गेलो. एकोणीस खेपा झाल्या. पास्टरांना मागे ठेवा, ते सावकाश चालतात, हे तिचं. डावा पुढे, उजवा मागे, हे माझं. माझी लोइस गेल्यापासून मी इतका हसलो नव्हतो. पाठ तेव्हाची धरली आहे, बर्फ उपसल्याने नाही. बर्फ लेरॉयने उपसला.

शेवटचा बूट मांडून मी हात शेकायला आत गेलो आणि तेवढ्यात पास्टर आले. बाईंनी 'कुणी केलं' विचारलं तेव्हा ब्रिटाने इकडेतिकडे पाहिलं असं मी वर लिहिलंय. तिने इकडेतिकडे पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कॉफीच्या भांड्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "मी."

तिने आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. बर्फ्यांमधली एक मी तिला दिली, ती तिने खाल्ली आणि 'थँक यू' म्हणाली.

ता. क. ३. सोबत ब्रिटाने तुझ्यासाठी काढलेला पेंग्विन आहे. मी तिला म्हटलं, थोराआजी लांब राहते, याला चाकं लाव, लवकर पोचेल. तिने पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तुम्ही काढा, आजोबा. तुम्हाला कोणी रागवत नाही."

मी तिथून उठलो आणि हे पत्र लिहायला बसलो.

ता. क. ४. बाबांच्या बर्फावरच्या मासेमारीच्या खोपीवर जिने लाल रंगाने खिडक्या आणि पडदे काढले, ती तू नव्हतीस. हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे, आणि साठ वर्षांत आपण एकदाही बोललो नाही. बाबांनी विचारलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, तू आठ, आणि तू म्हणालीस, "मी." तुझे रंग त्यांनी चुलीत घातले. माझे राहिले, कारण माझ्यावर कुणाचा संशयच नव्हता. पुढे तू चाळीस वर्षं दातांच्या डॉक्टरकडे वेळा लिहून दिल्यास आणि मी पाट्या रंगवल्या. माझं चुकलं, ताई. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं.

तेव्हा एक काम कर. वीस तारखेला मंगळवारी आमच्या संध्याकाळच्या सातला घरच्या फोनवर फोन कर. मोबाइलवर नको, घरच्या फोनवर. बैठक चर्चमध्ये आहे. मी फोन उचलला, तर समज की मी गेलो नाही, आणि मग बाबा तुला जे बोलले होते, ते सगळं मला बोल.